पेडातला परका वाख

२०१९ साल होतं, आणि मला एकाहत्तरावं लागलं होतं. हे एकाहत्तर शाळेच्या दाखल्यावरचं. मास्तरानं नाव घालताना आईला माझं वय विचारलंच नव्हतं. माझा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पुरतो का, तेवढं बघितलं आणि साल टाकलं. दुसरीपर्यंत शिकलो, पुढं बापानं मेंढरांमागं लावलं. माझं अक्षर तेव्हाचंच आहे, मोठं आणि वाकडं. तरी हे मी दुसऱ्या कुणाच्या हातानं लिहून घेणार नाही. तसं केलं तर पुन्हा एकदा तोंड लपवल्यासारखं होईल.

त्या हिवाळ्यात मी जुन्या जालन्यात लेकीच्या घरी राहायला आलो होतो. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, शेत बटईनं दिलं होतं. लेक माझी एकुलती एक. जावई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा मुलगा. आक्का मंठ्याजवळच्या खेड्यात राहते. जावई मोंढ्यात एका आडतीवर कामाला, सकाळी गेला की दिवेलागणीलाच घरी. दिवसभर घरात आम्ही तिघंच: लेक, मी आणि माझी सहा वर्षांची नात.

नात तोंडानं कुणाला हार जाणारी नाही. पण पाय लाकडासारखे ताठ. बसवलं तर बसायची, उभं राहणं तिच्या नशिबात आलंच नाही. थंडी पडली की पायाची बोटं आणि कानाच्या पाळ्या लाल-निळ्या व्हायच्या, सुजायच्या, कधी फुटायच्या. लेक करडईचं तेल कोमट करून चोळत बसायची.

मी आल्या आल्या नातीच्या खाटेवर आढ्याच्या कडीला अंबाडीचा दोर बांधून दिला. दोन्ही हातांनी तो धरला की ती आपल्या जोरावर उठून बसायची. पहिल्याच दिवशी तिनं तो ओढून बघितला आणि म्हणाली, "आबा, तुमच्यापेक्षा तुमचा दोर बरा. त्याला हाक मारावी लागत न्हाई." मी म्हणालो, माझ्या हातचा दोर हाये, हत्ती बांध. तर म्हणते, हत्ती कशाला, तुम्हालाच बांधते, म्हणजे पान खायला मस्तगडापर्यंत जाणं बंद होईल.

दोराचं थोडं सांगावंच लागेल, कारण पुढं डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते मला दोरामुळंच कळलं. बांधावरची अंबाडी कापायची, पेंढ्या पाण्यात कुजवायच्या, साल सोलून धुवायची. मग जे पांढरे धागे हाती येतात त्यांना आम्ही वाख म्हणतो. वाखाचे दोन पेड करायचे, दोन्हींना एकाच अंगाला पीळ द्यायचा, आणि मग दोघांना एकमेकांवर उलट्या अंगानं वळायचं. झाला दुपेडी दोर. या कामात माझी बरोबरी करणारा आमच्या गावात कुणी नाही, हे मी आजही सांगतो. पण वाख निवडण्यात आई माझ्याही पुढं. गोणपाटाचा ताग अंबाडीसारखाच दिसतो. कोरडा असताना डोळ्याला फरक कळत नाही. असा ताग एखाद्या पेडात शिरला की तेवढ्या जागी पीळ बराबर बसत नाही. दोर तिथं किंचित वाकतो. गाठ नसते, पण बोटाला गाठीसारखं लागतं. चार वेळा भिजून वाळला की तिथंच पिंजतो. आई डोळे मिटून पेडावरून बोटं फिरवायची आणि तो परका धागा तेवढा ओढून काढायची.

नात जन्मली तेव्हा चांगली होती. मान धरली, हसायला लागली, पालथी पडली. सहावा महिना लागला आणि एकाएकी रडं सुरू झालं. ताप यायचा, औषधाला दाद द्यायचा नाही, आपोआप जायचा. दोन महिन्यांत पालथं पडणं विसरली आणि पाय आखडले. तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं, बाळंतपणात उशीर झाला होता का? झाला होता. लेक बाळंतपणाला माझ्याकडंच आली होती. कळा येऊन राहिल्यात असं तिनं भर दुपारी सांगितलं. मी म्हणालो, पहिलटकरणीच्या कळा अशाच येतात-जातात, उन्हाचं कशाला, सांजच्याला गाडी करू. डॉक्टर म्हणाले, मग बाळाच्या मेंदूला हवा कमी पडली असेल, असं पुन्हा होण्याचं कारण नाही.

घरी आल्यावर मी सोयऱ्याधायऱ्यांत सांगत सुटलो की लेकीनं दुखणं अंगावर काढलं, आम्हाला उशिरा सांगितलं. सहा वर्षं ती हे ऐकत आली. दादा, मी तर दुपारीच सांगितल्तं, असं तिनं एकदाही मला उलटून म्हटलं नाही.

याच्याहून वाईट पुढं आहे.

आम्ही भावंडं तीन. आक्का थोरली, मधला मी, आणि माझ्या पाठीवर चार वर्षांनी झालेला एक भाऊ. त्याचे पाय असेच ताठ. पावसाळा सरला की आम्ही मेंढरं घेऊन गोदाकाठच्या रानात उतरायचो, तेव्हा तो घोंगडीच्या झोळीत माझ्या पाठीवर असायचा. सांजचं मेंढरं मोजायचं काम माझं, पण मी चुकायचो आणि तो पाठीवरून बराबर आकडा सांगायचा. वर माझ्या टाळूवर टिचकी मारायचा. थंडीत त्याच्या पायाची बोटं लाल-निळी व्हायची आणि आई करडईचं तेल चोळायची. नऊ वर्षांचा होऊन गेला. त्याला रानातच मातीआड करून आम्ही पुढं निघालो, कारण मेंढरं थांबत नाहीत.

त्याच वर्षी आक्काला बघायला पाहुणे येणार होते. बापानं आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, भावंडं किती असं कुणी विचारलं तर दोन सांगायची. घरात असं लेकरू झालं हे कळलं तर पोरीला कुणी करणार नाही. पाहुण्यांनी नेमकं मलाच विचारलं. लेकरू खोटं बोलत नाही असं लोक धरून चालतात. मी म्हणालो, दोन. तेव्हापासून आम्ही दोनच झालो. माझं लग्न झालं तेव्हाही दोनच सांगितलं. माझी बायको चाळीसच्या वर वर्षं माझ्याबरोबर नांदली आणि आपल्याला एक दीर होता हे न कळताच गेली.

माझे आईबापही नात्यातलेच, मामा-आत्याची लेकरं. आमच्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क. माझी लेक झाली तेव्हा आक्का बारशाला आली, तिनं पोरीच्या हातात मणगट्या घातल्या आणि चारचौघांत म्हणाली, ही माझी. मी शब्द दिला. पोर बारावी झाली. तिला नर्सचं शिकायला जायचं होतं. ज्याच्याशी भाऊ म्हणून खेळले त्याच्याशी लग्न नको, असं तिनं आईकरवी मला सांगून पाहिलं. बायको म्हणाली, बाहेरचं एखादं स्थळ बघू. मी आठ दिवस बायकोशी बोललो नाही. दिलेला शब्द मोडणारा माणूस मी नव्हे, असं मला वाटायचं, आणि त्याचा अभिमान होता. जावई माणूस म्हणून चांगला निघाला, त्याबद्दल तक्रार नाही.

नातीच्या दुसऱ्या हिवाळ्यात तिच्या पायाची बोटं पहिल्यांदा लाल झाली. आक्का तेव्हा आलेली होती. खाटेच्या एका अंगाला ती, एका अंगाला मी. दोघांनी ती बोटं बघितली आणि मग एकमेकांकडं बघितलं. आक्कानं नातीचं टोपडं कानावर खाली ओढलं. ना ती काही बोलली, ना मी. म्हणजे तेव्हापासून मला ठाऊक होतं. पुढची चार वर्षं लेक या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत राहिली, बाळंतपणातल्या उशिराचं कारण सांगत राहिली, आणि मी पिशवी धरून तिच्या मागं उभा राहत होतो.

त्या हिवाळ्यात लेकीला पुन्हा दिवस गेले होते. तिसरा महिना सरत आला होता. तिला एकच ध्यास: हे दुसरं लेकरू कसं निघेल? औरंगाबादहून एक डॉक्टरीणबाई महिन्यातून दोन दिवस, एक शुक्रवार आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शनिवार, कुंडलिका नदीच्या पलीकडच्या एका दवाखान्यात यायच्या. नातीची बोटं बघून त्यांनाच पहिल्यांदा शंका आली की हे बाळंतपणाचं नाही. त्यांनी नातीचं, लेकीचं आणि जावयाचं रक्त लांबच्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं. त्याचा निकाल शुक्रवारी मिळणार होता. जावयाला आडतीवरून सुट्टी नव्हती. लेक, नात आणि मी ऑटोनं गेलो.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी कागदावर काही काढून दाखवायला घेतलं. मी म्हणालो, चित्र लेकीला दाखवा, मला तोंडानं सांगा. त्यांनी विचारलं, बाबा, तुम्ही काय काम करता? मी म्हणालो, मेंढरं राखली, शेत केलं, आता दोर वळतो. त्या हसल्या. म्हणाल्या, मग तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर समजेल.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं. डोळ्याला दिसणार नाहीत एवढ्या. त्या प्रत्येकीत एक दुपेडी, पीळदार दोर असतो. त्याला डीएनए म्हणतात. आईबापाकडून आलेला अंगाचा सगळा मजकूर त्या दोरावर. एका पेशीच्या दोन होताना हा दोर नव्यानं वळावा लागतो, आणि तो वळायला चार जातीचे तुकडे लागतात. पण पेशीत आणखी एक माल पडलेला असतो, आरएनएचा. तो दिसायला जवळजवळ तसाच आणि डीएनएच्या मालापेक्षा कितीतरी जास्त. दोर वळणारं यंत्र भराभर काम करतं आणि मधूनच आरएनएचा एखादा तुकडा उचलून पेडात बसवून टाकतं.

मी म्हणालो, "मंग वळणारा कच्चाच म्हणायचा."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कच्चा नाही, बाबा. हजारो तुकड्यांत एखादाच चुकतो. तुमचा दोर वळताना एवढं कमी चुकतं का?"

लेक माझ्याकडं बघून जराशी हसली. त्या दिवशी ती तेवढं एकदाच हसली.

मग मी विचारलं, दोन्ही माल एकसारखे तर बिघडतं काय? त्या म्हणाल्या, आरएनएच्या तुकड्याच्या अंगावर गळासारखा एक बारीकसा आकडा जास्त असतो. बाकी सगळं सारखं. पण त्या एवढ्याशा आकड्यानं दोराची तेवढी जागा आपला नेहमीचा पीळ सोडते. तिथं दोर थोडा वाकतो, ताणला तर नेहमीसारखा ताणला जात नाही. किती बिघडेल हे शेजारी कोणता तुकडा आहे त्यावरही ठरतं, सगळीकडं सारखं होत नाही. आणि तो आकडा आपल्याच शेजारच्या सांध्याला लागून तो तोडू शकतो, म्हणजे दोर तिथं तुटायला कच्चा होतो.

मला आईची बोटं आठवली. मी विचारलं, मग तिथं निवडणारं कुणी नसतं का? डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढं सरकल्या. म्हणाल्या, हेच तर सांगायचंय. प्रत्येक पेशीत निवडणारं असतं. ते दोरावरून फिरतं, परका तुकडा हुडकतं, तिथं कापतं, आणि मग दुसरे येऊन बराबर तुकडा बसवतात. तुमच्या नातीच्या अंगात हे निवडणारं लुळं असावं. परके तुकडे दोरात राहून जातात, दोर ठिकठिकाणी बिघडतो, त्याचे बारके अवशेष साचतात. अंगाला वाटतं बाहेरचा रोग घुसला. मग अंग आपल्याशीच लढायला लागतं. म्हणून तो औषधाला न उतरणारा ताप, म्हणून पाय आखडले, म्हणून थंडीत ही बोटं.

लेकीनं विचारलं, "म्हणजे बाळंतपणात उशीर झाला म्हणून न्हाई?"

"निकाल पक्का असता तर मी आत्ता ठामपणे नाही म्हणाले असते," त्या म्हणाल्या. अडचण तिथंच होती. निवडणाऱ्याचा मजकूर दोनदा असतो, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. एक जरी चांगला असला तरी काम भागतं. नातीच्या दोन्ही मजकुरांत एकच अक्षर बदललेलं निघालं होतं, आणि लेक-जावयाच्या एकेका मजकुरात तेच. पण तो बदल आजवर कुठं नोंदलेला नव्हता. तो खरंच काम बिघडवतो की नुसताच पडून असतो, हे नुसत्या या निकालावरून छातीठोक सांगता येत नव्हतं. तोच दोषी असेल तर दर बाळंतपणाला चारातल्या एका लेकराला धोका. पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, पण काय शोधायचं हेच पक्कं नसेल तर निकाल येऊनही उपयोग नाही. आणि दिवस थोडे होते. त्या पुढच्या महिन्यात यायच्या तोवर तपासणीची वेळ निघून गेली असती.

मग त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि सरळ मला विचारलं, "बाबा, तुम्ही घरातले सगळ्यांत मोठे. तुमच्याकडं किंवा बहिणीकडं, मागं कधी, असं लेकरू झालं होतं का? पाय ताठ, थंडीत बोटं लाल? एक जरी असेल तरी मला फार मोठा आधार होईल."

नात माझ्या मांडीवर होती. तिचे पाय माझ्या गुडघ्यावरून पुढं सरळ आलेले. मी म्हणालो, "न्हाई. आमच्या घराण्यात असं कुणीच न्हाई."

एवढ्या वर्षांची सवय, तोंडातून सुतासारखं सरळ निघालं. लेकीनं मान डोलावली. तिचा माझ्यावर विश्वास होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत मी इथं आहे, काही आठवलं तर या.

घरी आल्यावर लेकीनं भाकरी टाकली. कुणी नीट जेवलं नाही. दुपारी ती नातीच्या पायाला तेल लावत बसली आणि मी भिंतीला टेकून. नात मला म्हणाली, "आबा, माझ्या दोरात काय शिरलं म्हणं?"

मी म्हणालो, परका वाख शिरला, बाई.

"मंग ओढून काढा की. तुम्हाला तर समदं येतं."

मी म्हणालो, तो फार बारीक असतो. ती म्हणाली, चष्मा लावा. मी उठून परसात गेलो, तोंडावर पाणी मारलं आणि परत आलो. लेक अजून तेलच चोळून राहिली होती. माझ्याकडं न बघता ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, पक्कं सांगता येत न्हाई म्हणल्या त्या. म्हणजे उशिराचंच खरं असंल. मीच जल्दी सांगाया पाह्यजे व्हतं तुम्हाला."

मी दोन वेळा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा म्हणालो, चहा ठेव.

माणूस किती हलका असतो ते मला तेव्हा कळलं. पाठीवरचं सगळं ओझं मी लेकीच्या पाठीवर दिलं होतं, आणि ती ते आपलंच समजून नीट बांधून घेऊन राहिली होती. दिलेला शब्द मोडत नाही म्हणून मी गावभर मान वर करून फिरलो. आणि या दोन शब्दांना, 'दुपारीच सांगितलं', माझी जीभ वळत नव्हती.

सांजच्याला नाक्यापर्यंत जाऊन येतो म्हणून बाहेर पडलो आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून आक्काला फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलेलं सांगितलं, आणि मला सांगून टाकावंसं वाटतंय असंही म्हणालो. आक्का एकदम सुरू झाली.

"तुझं टकुरं फिरलं का? माझ्या थोरल्याच्या पोरीची सोयरीक जमून राह्यली. रईवारी पाहुणे येऊन राह्यले. आपल्या रक्तात असं हाये हे कळलं तर त्या पोरीचं काय? बापानं झाकलं ते तू उकरतो का?"

मी म्हणालो, बापानं झाकलं म्हणून आज दोन लेकरांचं वाटोळं होऊन राहिलं. ती म्हणाली, एक तर झालंच, दुसरं देवाच्या मर्जीवर सोड.

मी विचारलं, "आक्का, तुला त्याचं तोंड आठवतं का?"

रस्त्यावर ऑटोवाले भोंगे वाजवून राहिले होते, मी एका कानात बोट घातलं.

"आठवतं," ती म्हणाली. "म्हणून तर म्हणते, गप बस." आणि तिनं फोन ठेवला.

खरं सांगायचं तर मला आक्काची भीती नव्हती, पाहुण्यांचीही नव्हती. कळल्यावर लेक माझ्याकडं कशी बघेल, एवढीच भीती होती. आणि पोटातल्या त्या लेकरापेक्षा ही भीती मला मोठी वाटत होती, हा माझा गुन्हा आहे. तो कुणी माझ्यावर लादलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून लेकीला म्हणालो, चल, म्याडमकडं जायचं. ती म्हणाली, कालच तर जाऊन आलो, आज काय? मी म्हणालो, चल म्हणलं की चलायचं. अशा वेळीही माझ्या तोंडून हुकूमच निघाला. नातीला शेजारच्या बाईकडं ठेवलं. ऑटोत लेकीनं दोनदा विचारलं, मी बाहेर बघत राहिलो.

आमचा नंबर नव्हता. मी दाराशीच उभा राहिलो आणि डॉक्टरीणबाई आल्या तसा त्यांच्या मागं आत शिरलो. बसा म्हणाल्या, पण मी बसलो नाही.

"काल मी खोटं बोललो," मी म्हणालो. "मला एक भाऊ व्हता. धाकटा. असाच."

मग थांबता आलं नाही. झोळी, ताठ पाय, बोटं, तेल, मेंढरांची मोजणी, रान, बापाचं बोलणं, सगळं सांगितलं. आईबाप नात्यातले होते हेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. कोऱ्या कागदावर त्यांनी आमचं घराणं मांडलं, बायांना गोल आणि बाप्यांना चौकोन. माझ्या चौकोनाच्या शेजारी आणखी एक चौकोन काढला, तो पेनानं भरला आणि त्याच्यावर तिरपी रेघ मारली. विचारलं, नाव काय होतं? मी सांगितलं. लहानपणापासून ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. त्यांनी ते चौकोनाखाली लिहिलं.

लेक भिंतीकडं तोंड करून उभी होती.

"आणखी एक," मी म्हणालो. "हिनं कळा आल्या तेव्हा दुपारीच सांगितल्तं. उशीर मी केला. आन् दोष हिच्यावर मीच घातला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तुमच्या भावाचं कळल्यावर मला हे बाळंतपणातल्या उशिराचं बिलकुल वाटत नाही. हे त्यांनी लेकीला उद्देशून म्हटलं. लेक वळली. मला वाटलं ती रडेल, मोठ्यानं बोलेल. तसं काही झालं नाही.

"सहा वर्षं, दादा," ती म्हणाली.



डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की माझं रक्त हवं, आणि आक्काचंही. दोघांत तेच बदललेलं अक्षर सापडलं तर भावाच्या हकिगतीला जोर येईल, आणि तेवढ्यावर पोटातल्या बाळाच्या तपासणीचं ठरवता येईल. सगळे नमुने आजच एकत्र गेले पाहिजेत. आक्का येणार असेल तर आपण संध्याकाळपर्यंत थांबू. मी बाही वर केली. नर्सपोरीनं सुई टोचली, रक्त घेतलं आणि कापूस दाबून धरायला सांगितला.

बाहेर आल्यावर मी लेकीला म्हणालो, तू घरी जा, पोर वाट बघत असंल. ती ऑटोत बसली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्याला घेऊनच या. तशे एकटे येऊ नका."

मी स्टँडवर गेलो, कापूस तसाच दाबून धरला आणि मंठ्याच्या गाडीत बसलो.